'घेऊन जा' म्हटलं तेव्हा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. स्वतःच्या लेकराबद्दल मी खोटं बोलणार नाही.

मागच्या वर्षीचा मे महिना. अकोला, जठारपेठ. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खालचे घरमालक लग्नाला गेलेले. दुपारचे अडीच वाजले होते, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

माझा गौरांग तेव्हा सात महिन्यांचा. पहिला दात येत होता, सकाळपासून रडून रडून लाल झालेला. बोटाने हिरड्या चोळल्या. फ्रीजमधलं थंड फडकं चावायला दिलं. चांदीचा खुळखुळा दिला, तो त्याने भिरकावला.

नवरा, जीवन, ड्युटीवर. दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यात लाईट गेली, कूलर बंद पडला. त्याला कडेवर घेऊन मी जिन्याचं दार उघडलं आणि उंबरठ्यावरच बोलून गेले...

"घ्या बाई कोणी! घेऊन जा याले!"

रडणं थांबलं.

मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग मी त्याच्याकडे पाहिलं...

तोंड उघडं. गालांवरून पाणी वाहतंय. तो रडतच होता.

फक्त आवाज नव्हता.

आवाज जिन्यातून येत होता...

एकेक पायरी खाली उतरत होता. माझ्याच लेकराचं रडणं, तेच हुंदके. सोबत एक बाई हळूच म्हणत होती, "उगी... उगी..."

जिना रिकामा होता.

दारातूनच माहेरी, भातकुली गावाला, आईला फोन लावून सगळं सांगितलं.

"दारात उभी राहून बोलली तू?" आई ओरडली. "अशी कशी वो बाई! कटाळून लेकराले 'घेऊन जा' म्हणू नये, हज्जार खेप सांगतलं! आता तिथूनच म्हण, मी देल्लं नाही. जोरानं म्हण!"

"मी देल्लं नाही! माझं हाये ते!"

खालचं रडणं थांबलं.

थोड्या वेळाने... फाटकाची कडी वाजली.

गौरांग माझ्या छातीशीच झोपला. संध्याकाळी दात दिसला, तांदळाच्या कणीएवढा. आई म्हणाली, वाचलं लेकरू.

मलाही तसंच वाटलं होतं. तो खळखळून हसतो, "आई" म्हणतो. पण रडताना आवाज येत नाही. डॉक्टर म्हणतात, गळा ठीक आहे. आम्ही घर बदललं, अमरावतीला आलो. मी आंघोळही दार उघडं ठेवून करते. तो पडला, त्याला लागलं, तर मला कळणार कसं?

आता त्याच्या दाढा येत आहेत. परवा दुपारी तो झोपला म्हणून दोनच मिनिटं गच्चीवर कपडे टाकायला गेले. परत आले तर शेजारची रागिणी दारात उभी, चिडलेली.

"काहून वो वहिनी, लेकरू केवढं रडून राह्यलं होतं! बरं झालं, तुमच्या त्या पाहुण्या बाईनं उगी केलं त्याले."

आमच्याकडे कोणीही आलेलं नव्हतं.

मी आत धावले. गौरांग पलंगावर शांत बसला होता. गाल ओले. मी त्याला उचललं, तर तो दोन्ही हात दाराकडे पसरून माझ्या कडेवरून सुटायला लागला...

तोंड उघडं. आवाज नाही.

तिच्याकडे जायला रडत होता तो.

आत्ता हे लिहिताना मी दाराला पाठ लावून बसले आहे. तो माझ्या मांडीवर आहे. पण मघापासून माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडेच बघतोय.