नकाशातला बोळ

"ओ बाई, गाव मापायला आलोय मी. मलाच काय आखताय?"

राजेश्वरीनं दचकून मान वर केली. तिच्या घमेल्यातला चुना वाऱ्यानं उडून समोरच्या पोराच्या निळ्या शर्टावर गेला होता. बोरवाडीत त्या दिवशी घरोघर हीच धांदल. ड्रोन उडणार, वरून फोटो निघणार, त्यावरून गावाचा नकाशा होणार आणि ज्याची जागा त्याच्या नावावर चढणार. म्हणून प्रत्येकानं आपल्या जागेच्या कडेनं चुन्याची रेघ ओढायची होती. हा पोरगा, उत्कर्ष, मोजणीच्या टीमबरोबर धाराशिवहून आलेला.

"मग रेघंच्या मधी कशाला येता?"

"आलो खरा..." तो शर्ट न झटकताच म्हणाला, "आता कुणाच्या नावावर चढवता मला?"

काय आगाऊ पोरगं! राजेश्वरी तरातरा घरात गेली. दार लोटलं, पण फट ठेवून. एवढी अक्कल कुठल्याही पोरीला असते.

पुढं नकाशाच्या पडताळणीसाठी तो रोज गावात येऊ लागला, आणि फिरून फिरून तिच्या वडिलांच्या, आण्णासाहेबांच्या, ओट्यावरच टेकू लागला. सोबत रोव्हर असायचा. काठीवर बसवलेलं वाटोळं यंत्र. उपग्रहाला विचारून आपण नेमके कुठं उभे आहोत ते सांगणारं.

"माणसाच्या मनात काय हाय ते बी सांगतंय व्हय ह्ये?" तिनं एकदा चहा देताना विचारलं.

"त्याला डोक्यावर उघडं आभाळ लागतं. तुम्ही सारख्या दाराआड... रेंज कशी येणार?"

दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर आली. त्यानं तिला नकाशा वाचायला शिकवला. सकाळचा सूर्य उजव्या हाताला घ्यायचा, म्हणजे तोंड उत्तरेला. मग कागदावरचा बाण तिकडं लागेल असा कागद फिरवायचा. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर पाच मीटर.

"मग आत्ता तुमच्यात आन् माझ्यात कागदावर किती अंतर?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं पट्टी उचलली, ठेवली. "रेघंच्या जाडीएवढं," म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

झालं! पोरगी गेली कामातून. त्याच्या गाडीचा आवाज वेशीवर आला की हिचा जीव खालीवर. श्रावण सरता सरता त्यानं विचारलं, "आण्णांशी बोलू?" तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली... "बोला की."

आणि आण्णासाहेब, जे साध्या गोष्टीला महिनाभर ताणायचे, ते एका बैठकीत हो म्हणाले. शेजारच्या सायराबीला तर काय करू न् काय नको असं झालं. दोन घरांमधल्या बोळातून बांगड्यांचा गाडा बाहेर काढून आजवर तिनं अख्ख्या पंचक्रोशीचे हात भरले होते. "बेटी, तेरा चुडा मीच भरणार," ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाला हात लावू देणार न्हाय."

मग कच्चा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. राजेश्वरी मुद्दाम बघायला गेली. त्याच्या हातचं काम ना! तिनं उत्तर धरली, देऊळ शोधलं, आड शोधला, आपलं घर सापडलं. आणि तिनं पुन्हा एकदा निरखून बघितलं. तिचं घर आणि सायराबीचं घर, मधे एकच रेघ. बोळच नव्हता.

तिनं उत्कर्षला बाजूला बोलावलं. "चुकलात की हो. बोळ काढायचा राहिला."

तो खाली बघत राहिला. "राहिला न्हाय... आण्णांची अट होती. बोळ तुमच्यात घ्यायचा, तरच पोरगी देतो म्हणाले."

"आन् तुम्ही घेतलात?"

"तुझ्यासाठी, राजी! सायराबीला मागनं वाट निघंल."

"मागं वढा हाय! गाडा वढ्यातनं न्यायचा का तिनं?"

"तू फक्त गप बस. हरकतीची मुदत सरू दे. दिवाळीनंतर लग्न करू."

वाईट याचं, की एवढं ऐकूनही तिला तो आवडतच होता.

हरकती ऐकायला भरलेल्या ग्रामसभेत मोजणीच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "कुणाची हरकत?" मागं बसलेल्या सायराबीला नकाशातलं ओ की ठो कळत नव्हतं, ती बिचारी सगळ्यांबरोबर मान हलवत होती. राजेश्वरी उभी राहिली.

"हरकत हाय. आमच्या घराची रेघ सायराबीच्या बोळात गेलीय."

"राजे, खाली बस!" आण्णासाहेब कडाडले. ती बसली नाही. भिंतीपाशी जाऊन तिनं पट्टी लावून दाखवलं.

"ही रेघ आली कशी?" साहेबांनी विचारलं.

राजेश्वरीनं उत्कर्षकडं बघितलं. बोल, तूच बोल, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन... तो उठला. रुमालानं मान पुसली.

"साहेब, हिनंच चुना तसा टाकला होता."

सगळं गाव तिच्याकडं बघायला लागलं. ड्रोनचा फोटो साहेबांच्या लॅपटॉपमधे होता. फोटो उघडा, एवढं ती म्हणाली असती तर तिनं बोळ सोडून ओढलेली खरी रेघ सगळ्यांना दिसली असती आणि याची नोकरी तिथंच गेली असती.

"व्हय," ती म्हणाली, "माझ्याच हातनं चुकलं."

"उद्या पुन्हा मोजा," साहेब म्हणाले. "बोळ सोडून."

ती बाहेर पडली, तसा तो मागं धावत आला. "राजी, वाचवलंस गं मला! आण्णांची मी समजूत घालतो..."

"माझ्यासाठी केलेलं पाप मी पोटात घातलं असतं," ती म्हणाली. "ते तुम्ही माझ्याच डोक्यावर ठिवलं. आता नका येऊ आमच्याकडं."

"मग... माझ्यावर जीव होता, ते खोटं?"

"खोटं असतं तर फोटू उघडायला लावला असता."

ती घराकडं वळली. तो हाका मारत राहिला. तिनं मागं बघितलं नाही. डोळे भरून वाहत होते, आणि ते त्याला दिसू द्यायचे नव्हते.