आई हाय

जरा आत सरका, पोरांनो. गार वारं सुटलंय. आमच्या पेठेतल्या उदयसिंहानं मला जेवढं सांगितलं, तेवढंच सांगतो.

गेल्या माघात, आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी तो तिच्या खोलीतला डबा काढायला आला. प्लास्टिकचा डबा, आत चिप नि हालचाल टिपणारा सेन्सर. तो नोकरीला पुण्यात, आई बनाबाई इथं एकटी, म्हणून त्यानंच तो बनवला होता. खोली एकच, ओटा नि पलंग तिथंच. आई हलली, झोपेत कूस बदलली, तरी त्याच्या फोनवर यायचं, "आई हाय." बराच वेळ हालचाल नसली की, "आई न्हाय."

डबा जुना झाला, तसा अडकायला लागला. आई दळण निवडत बसलेली असायची आणि पुण्यात "आई न्हाय". उदयसिंह घाबरून फोन करायचा.

"मी हाय की रं! तुझा डबाच मेलाय!" आई हसायची.

त्यानं अडॅप्टर बदलला. सुटलेल्या वायरी पुन्हा जोडल्या. सेन्सर नवा घातला. थोडे दिवस बरं चालायचं, पुन्हा तेच. शेवटी आईच म्हणाली, "रातीचं उठवू नगंस बाबा. फोनपतूर जाईस्तोवर गुडघं बोंबलत्यात."

मग एका रात्री पुन्हा "आई न्हाय" आलं. डबा अडकला असेल, म्हणून त्यानं फोन उलटा ठेवला आणि झोपला. सकाळी शेजारच्या जोतीरामनं दार उघडलं, तर बनाबाई ओट्यापाशी, उघड्या फरशीवर. गेलेली.

निरोप आला तेव्हा ती जिवंत होती का? एवढं एकच त्याला खात होतं.

त्या गुरुवारी रात्री तो खोलीत एकटाच होता. डबा उघडला. सेन्सरची वायर उपसली.

फोन उजळला. "आई हाय."

जुनंच दुखणं, तो म्हणाला. अडॅप्टर भिंतीतून ओढून काढला. डब्यातला दिवा विझला.

"आई हाय."

तो खाली बसला. ती पडली होती तिथंच.

"आई...?"

काही नाही. नळसुद्धा गळत नव्हता.

"त्या राती... मला निरोप आला तवा... तू जित्ती व्हतीस?"

बराच वेळ गेला.

हातातला फोन थरथरला.

"आई हाय."

...

तो तिथंच आडवा झाला. रडत राहिला. कधी डोळा लागला, त्याला कळलं नाही.

सकाळी जोतीराम चहा घेऊन आला. उदयसिंह त्याच फरशीवर, पोटाशी पाय घेऊन झोपलेला. डोक्याखाली उशी.

"ही कुठनं आणलीस रं?"

उदयसिंहानं उशीकडं पाहिलं.

आईची गादी, वाकळ, उशी... सगळं तिच्याबरोबरच पंचगंगेच्या स्मशानात गेलं होतं.