पहिलं गाणं सोडून

लासुर्ण्याच्या थांब्यावर एसटीत चढलेला तो मुलगा तान्या डिमेलोचं गाणं गुणगुणत होता, हे ज्योत्स्नाला लगेच कळलं. दुसऱ्या कडव्याची ओळ तो साफ चुकवत होता, हेही.

तिनं खिडकीबाहेर बघून पाहिलं. ऊस, ऊस, पुन्हा ऊस... पण राहवेना.

"अहो, तशी नाहीये ती ओळ."

वरच्या दांड्याला धरून, खांद्यावर डब्याची पिशवी घेऊन उभा असलेला तो चमकला. "मग कशी हाय?"

आता भरल्या गाडीत गाऊन दाखवायचं? ज्योत्स्नाचे कान तापले. शेजारची मेहरीन ओढणीत तोंड लपवून हसू लागली.

"म्हणा की. चूक काढली, तर दुरुस्त बी तुमीच करायची."

तिनं ओठातल्या ओठात ओळ म्हटली. तो वाकून ऐकत राहिला... ओळ संपली तरी.

सत्त्याण्णव साल होतं. ज्योत्स्ना निमगाव केतकीच्या जोतीराम गुरुजींची मुलगी – वडलांना ती दादा म्हणायची – बीएडला रोज बारामतीला जायची. मेहरीन इंदापूरची, तिच्याच वर्गातली. आणि अनुप – त्याचं नाव कळायला दोन दिवस लागले – आयटीआय करून एमआयडीसीत फिटर लागला होता.

तान्याच्या तोवर तीन कॅसेटी आल्या होत्या. प्रत्येक कॅसेटमधलं एक गाणं कंपनी आधी टीव्हीवर सोडायची. ते वरातीपासून रसवंतीपर्यंत सगळीकडं वाजायचं. मग सवडीनं दुसरं यायचं, तिसरं यायचं. तोवर लोकांची हौस फिटलेली असायची.

"खरी गाणी तीच," अनुप म्हणाला. "पहिलं काय, कुणालाबी आवडतंय."

मग ठरलं – पहिली गाणी बाद. मागाहून आलेल्यांचेच नंबर लावायचे. टीव्हीवर जे दिसायचं त्यावरून गाण्यांना नावं पडली: झोपाळ्याचं, रेल्वेचं, दिव्यांचं. ज्योत्स्नाच्या यादीत झोपाळ्याचं पहिल्या नंबरावर, ते कधी हललं नाही.

"त्यात तर ती नुसती बसलीया!"

"बसलीय, पण वाट बघत बसलीय. आवाजात कळतं ते. कान लागतात त्याला."

"आमचं कान मशीननं गेलं, ताई... म्हंजे – ताई न्हाय."

"मग काय?"

कंडक्टरनं घंटी ओढली, गाडीनं हिसका दिला, आणि उत्तर राहूनच गेलं.

हिवाळाभर ते भांडले. अनुप कधी रेल्वेचं वर चढवायचा, कधी दिव्यांचं. झोपाळ्याचं मात्र कायम तळाशी. ती चिडली की तो डोळे बारीक करून हसायचा, आणि त्या हसण्यानं ती आणखीच चिडायची. एकदा तो दोन दिवस आला नाही, तेव्हा मेहरीन सहज म्हणाली, "आज गाण्यांचा निकाल कुणाला सांगणार?" ज्योत्स्नाला रडूच आलं. तिचं तिलाच नवल वाटलं.

एप्रिलमध्ये परीक्षा सुरू झाली, आणि पुण्याचे पाहुणे रविवारी बघायला येणार असल्याचं घरात ठरलं.

शेवटचा पेपर देऊन परतताना अनुप तिच्या मागच्या सीटवर होता. वळवाचं आभाळ भरून आलेलं; खिडकीतून मातीचा वास येत होता.

"आज शेवटचं विचारते," ती मागं वळली. "खरं सांगा, तुमचं पहिलं कुठलं?"

"झोपाळ्याचं."

"काय?"

"तुमी त्याची ओळ म्हणून दावली तवापासनं."

"मग इतके महिने भांडलात कशाला?"

"एकमत झालं असतं, तर..." तो हातावरचा ऑइलचा डाग चोळत राहिला. "तुमी बोलला असता व्हय माझ्याशी?"

मेहरीननं एकदम बाहेरचा ऊस बघायला सुरुवात केली.

"पुण्याचं पाहुणं येत्यात म्हणं," तो म्हणाला. "चांगलं हाय. तुमी बीएड. मी हा असा... फिटर."

"दादांना सकाळी सांगितलं मी. त्यांनी विचारलं, मुलगा काय करतो? म्हटलं, फिटर आहे. आणि माझ्याशी भांडतो."

"मग... दादा काय म्हणालं?"

"काहीच नाही. सायकलवरून थांब्यावर सोडलं, आणि गेले. भीती वाटतेय मला."

"ओ फिटर!" कंडक्टर ओरडला. "लासुर्णं कवाच मागं गेलं!"

अनुप उठला नाही.

निमगावला थेंब पडायला लागले होते. गुरुजी सायकल धरून थांब्यावर उभेच होते. ज्योत्स्ना उतरली. मागोमाग अनुप उतरला, आणि काय करावं ते न सुचून त्यानं हात जोडले.

"जयभीम, गुरुजी."

"जयभीम." गुरुजींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हीच का ते भांडणारे?"

"व्हय... म्हंजे, न्हाय. आता न्हाय भांडणार."

"का? भांडा की. आमच्याकडंही सगळी तेच करतात." त्यांनी सायकल वळवली. "पुण्याच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून फोन करून आलोय. घरी चला, चहा घेऊ. मग तुमच्या आईवडलांकडं मी येईन."

ते पुढं निघाले, मुद्दाम भराभर. खिडकीतून अर्धी बाहेर आलेल्या मेहरीनला घेऊन गाडी इंदापूरकडं गेली. अनुप भर रस्त्यात तसाच भिजत उभा.

ज्योत्स्ना चार पावलं जाऊन मागं आली. त्याची बाही धरली.

"चल ना रे," ती म्हणाली.