बारवेतली सून

खोटं सांगत होते तोवर लोक टाळ्या वाजवत होते. त्याच बारवेच्या काठावर एकदा खरं सांगितलं, तर एका माणसाला ते पटेल तर शपथ. डॉक्टर म्हणाले, घाबरलेल्या माणसाला विहिरीत कसलेही आवाज ऐकू येतात. पोलीसपाटलानं सून पाय घसरून पडली असं स्वतःच ठरवून टाकलं. आणि शेजारची चिमाबाई तोंडावर म्हणाली, "जगदेवी, सुनंपायी येड लागलेली सासू म्या पहिल्यांदाच बघितली."

माझी सून रुपाली सध्या केमला माहेरी आहे. पाय प्लास्टरमध्ये आहे. त्या दुपारचं तिला काही आठवत नाही, म्हणून जे ऐकलं ते माझ्या एकटीच्या कानात आहे. आता प्लास्टर निघालं की तिला परत नांदायला आणायचं म्हणून घरात बोलणं चाललंय. आणू नका, म्हणते मी. का, ते सांगते. मधी बोलू नका.

आमचं गाव वळसंगच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला. गावाबाहेर जुनी बारव आहे. वरून चौकोनी तोंड, एका बाजूनं रुंद पायऱ्या. त्या खाली जाता जाता एका कमानीत शिरतात आणि आतल्या आत वळून तळाच्या दगडी खोलीत उतरतात. उन्हाळ्यात गारव्याला बसायला म्हणून ती खोली कुणी तरी कधी काळी बांधली असेल. काठावरून वाकून बघितलं तर तळ दिसतो, पण कमानीतली वाट आणि ती खोली दिसत नाही. चैत्र लागला की बारव ठणठणीत कोरडी पडते. तळाला धूळ आणि बाभळीच्या शेंगा.

शहरातल्या लोकांना गाव दाखवायचं, हे माझ्या मुलाच्या डोक्यातून निघालं. मुलाचं नाव राजशेखर. त्यानं मला आणि त्याच्या बायकोला, रुपालीला, गाईड केलं. मी चौथी शिकलेली, पण मला आवाज आहे आणि मी कुणाला भीत नाही. सकाळी पाहुण्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी घालायची, मग पारावरचे वीरगळ दाखवायचे, मग बारव. वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाचा दगड. तो खालून वर वाचायचा. तळाला लढाई आणि मरण, मधी अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या, वर तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला. हे मी बोटानं दाखवत सांगितलं की लोक मान वाकडी करून बघत राहायचे.

बारवेवर गोष्ट असायची. ती अशी. बारव खणली पण पाणी लागेना. दृष्टांत झाला, घरातल्या थोरल्या सुनेला उतरवा. सून हिरवी इरकल नेसून, ओटीचं ताट घेऊन, गाणं म्हणत हसत खाली गेली. पाणी वर आलं आणि तिला घेऊन गेलं. नवरा लढाईला गेलेला. परत आला, हे ऐकलं आणि बारवेच्या काठावर त्यानं प्राण सोडला. त्याचाच तो पारावरचा वीरगळ.

मी गोष्ट सांगायची आणि रुपाली हिरवी इरकल नेसून, ताट घेऊन पायऱ्या उतरायची. कमानीत शिरून दिसेनाशी व्हायची. मग थोड्या वेळानं वर यायची आणि म्हणायची, "गावाला पाणी मिळालं." लोक मोबाईल खाली ठेवून टाळ्या वाजवायचे. हे उतरणंसुद्धा राजशेखरनंच बसवलेलं.

एकदा जर्मनीची एक म्हातारी बाई आली. बरोबर पुण्याची मुलगी होती, तिचं बोलणं मराठीत सांगायला. चटणीनं म्हातारीचे डोळे लाल झाले, पण बाई चिवट, ताट पुसून खाल्लं. चिमाबाई म्हणाली, "हिला ठिवून घ्या, जोंधळा काढायला चालंल." बारवेवर गोष्ट ऐकल्यावर म्हातारीनं मुलीच्या कानात काही तरी विचारलं.

मुलगी म्हणाली, "मावशी, त्या विचारतायत, दगडावर तर तो लढाईत मेलेला दाखवलाय. मग तो विहिरीच्या काठावर कसा मेला? आणि तिचं नाव काय होतं?"

तो दगड मी रोज बोटानं वाचत होते आणि माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. दगड दुसऱ्याच कुणाचा तरी होता. आणि नाव? थोरली सून म्हणायचो आम्ही. तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, तिच्या नवऱ्याचंही नव्हतं.

"गोष्ट हाय ती आई," राजशेखर नंतर म्हणाला. "गोष्टीला असलं काय इचारायचं नसतंय."

पण मला चैन पडेना. त्याच दिवशी आणखी एक झालं. रुपाली वर आली तेव्हा तिच्या इरकलीचा काठ ओला होता. मी हातात धरून पिळला. पाणी निघालं. बारवेत चिमणीला प्यायला पाणी नव्हतं.

"कुटं भिजलीस गं?"

"भिजलेय व्हय?" ती स्वतःच वाकून बघायला लागली.

पुढच्या वेळी ती वर आली आणि भलतंच बोलली. पाहुण्यांकडं न बघता, सपाट आवाजात म्हणाली, "ती हसत नव्हती. वर ढोल वाजवत होते, तिचं रडणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून." पाहुणे गार पडले. मग नेहमीपेक्षा जोरात टाळ्या पडल्या.

राजशेखर खूश. "हेच ठिव रुपा. झकास हाय."

घरी येऊन मी तिला धरलं. "कुणी शिकिवलं तुला ढोलाचं?"

"कसला ढोल वो आत्या? मी रोजचंच बोलले की."

आता नीट ऐका. माझं माहेर अक्कलकोटाकडचं. कानडी मला बोलता येतं, मराठीच्या आधी आलेलं. रुपाली तिकडं मराठी मुलखातली, केमची. तिला कानडीतलं ये-जासुद्धा कळत नाही. बाजारात कुणी कानडी बोललं की माझ्या पदराला हात लावून विचारायची, काय म्हणतोय हा. ती रुपाली त्या संध्याकाळी चुलीपुढं भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "नीर कोडु."

पाणी दे.

मी तांब्या दिला. तिनं तो घटाघटा संपवला, परत पुढं केला. दुसराही संपवला. मग कानडीतच, माझ्या आजीच्या वेळच्या जड कानडीत म्हणाली, हे गोड आहे, तिथलं खारट आहे. आणि लगेच मराठीत, "आत्या, तवा तापला का बघा."

भ्याले का? भ्याले. पण खोटं कशाला बोलू, भीतीपेक्षा मला जाणून घ्यायची ओढ जास्त लागली. एवढी वर्षं माणसं जिच्यापायी गाड्या भरून येतात, ती आहे तरी कोण? दुसऱ्या दिवशी भर बाराला मी एकटी बारवेत उतरले. दगड असे तापलेले की वहाणेतून चटका बसत होता. कमानीपाशी आले आणि वास आला. ओल्या शेवाळाचा, आणि त्यात मिसळलेला हळदीचा. मी कमानीतल्या पायरीवर बसले.

"नी यारु?" मी विचारलं. तू कोण?

वर होला पक्षी घुमत होता, तो थांबला. मग खालच्या खोलीत बांगड्या वाजल्या. काचेच्या. हळू, एक एक पायरी... वर येत. माझ्या शेजारच्या दगडावर मी हात टेकला होता. तो दगड बघता बघता गार पडला. कुणी तरी शेजारी येऊन बसावं तसं. मी परत विचारलं, तुझं नाव काय? शेजारून कुणी तरी लांब श्वास घेतला... आणि तो सोडलाच नाही. मी बसून राहिले. तो श्वास कधी सुटतो याची वाट बघत. शेवटी माझाच दम गेला आणि मी वर पळाले.

राजशेखरला म्हणाले, "तिचं उतरणं बंद कर. मी नुसती गोष्ट सांगीन."

"आई, गोष्ट ऐकायला कोण येतंय हितवर? उतरणं बघायला येत्यात. पुढच्या रविवारी पुण्याच्या कंपनीची बस येणार हाय. शब्द दिलाय मी."

"तुजा शब्द तू उतरून पाळ. नेस इरकल."

तो हसला नाही. "सुनंला लई डोक्यावर बसिवलंय तू," एवढंच म्हणाला.

रविवारी बस आली. पारावर मी वीरगळ दाखवला, पण हा दगड त्या नवऱ्याचा नव्हं, असं सांगून टाकलं. राजशेखर माझ्याकडं बघतच राहिला. बारवेवर आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. त्यानं या वेळी ढोलवाला आणला होता. रुपालीच्याच तोंडून आलेली गोष्ट, त्याला आवडली होती ना. रुपाली ताट घेऊन पहिल्या पायरीवर उभी राहिली आणि हलेना.

"आज नको," ती म्हणाली. "आत्या, सांगा की ह्यास्नी. कमानीत कुणी तरी माझा हात धरतंय. गेल्या खेपंला सोडत नव्हतं."

मी तिचा दंड धरला. "न्हाई जायाची ती."

"मानसं बघाय लागल्यात आई," राजशेखर दबक्या आवाजात म्हणाला. माझी बोटं त्यानं एक एक सोडवली. "मी हाय की मागं. मी नेतो. चल."

ढोल सुरू झाला. ती पुढं, तो तिच्या मागं. दोघं कमानीत शिरले. लोक वाकून वाकून बघत होते. ढोल चढत गेला... आणि त्यातूनही तो आवाज सगळ्यांनी ऐकला. खोल भरलेल्या विहिरीत माणूस पडल्यावर होतो तो. ढोलवाल्याचे हात तिथंच थांबले. सगळे तळाकडं बघायला लागले. तळाला धूळ होती, बाभळीच्या शेंगा होत्या. आणि पाण्याचा डचमळता आवाज अजून येत होता.

राजशेखर कमानीतून बाहेर आला. एकटा. चेहरा राखेसारखा.

"घसरली," तो म्हणाला. "पाय घसरला तिचा."

"मग वर काय करतोस? आन तिला."

"आई, मला... मला खाली जायाला जमंना."

त्याला बाजूला सारून मी उतरले. बाकी कुणी पाय पुढं टाकला नाही. कमानीत अंधार, वळणावर आणखी दाट. शेवाळाचा वास घशात बसत होता. खोलीत पोचले तर रुपाली उंबऱ्यालगतच्या भिंतीपाशी पडलेली, एक पाय भलतीकडंच वळलेला. डोळे उघडे. इरकल पिळून काढावी इतकी भिजलेली आणि तिच्याखालची धूळ कोरडी, पावडरीसारखी. मी तिच्या काखेत हात घालून ओढलं. ती हलेना. तेव्हा दिसलं, तिचा उजवा हात खोलीच्या काळ्या कोपऱ्याकडं ताणला होता. मूठ अर्धी मिटलेली. कोपऱ्यात कुणी तरी ती धरल्यासारखी.

"सोड तिला," मी कानडीत म्हणाले. "माझी सून आहे ती."

कोपऱ्यात बांगड्या वाजल्या. हात आणखी ताणला.

मला रडू फुटायला हवं होतं, ते फुटलं नाही. उलट इतके दिवस जे विचारायचं सुचलं नव्हतं ते तोंडात आलं. तू कोण, तुझं नाव काय, हे विचारून काय उपयोग? विचारायचं ते दुसरंच होतं.

"यार नूकिद्रु?" मी म्हणाले. कुणी ढकललं?

रुपालीचे ओठ हलले. "अवरु."

अवरु म्हणजे ते. त्यांनी. आमच्या माहेरी लग्न झालेली बाई सगळ्या गावाची नावं घेईल, सासऱ्याचं, दिराचं, देवाचं. एकाच माणसाला, नवऱ्याला, ती नुसतं अवरु म्हणते. म्हणजे थोरल्या सुनेचा नवरा लढाईला गेलाच नव्हता. काठावर रडून मेलाही नव्हता. इथंच होता, तिच्या मागं.

"नाव घे," मी म्हणाले.

ती मान हलवत राहिली... हळू... नको, नको.

हळदीकुंकवाला, बारशाला आम्ही बायका एकमेकींना उंबऱ्यात अडवतो. नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाही. नाव घेतलं की वाट मोकळी, ही रीत त्या मुलखातही तीच आणि ह्या मुलखातही तीच. मी खोलीच्या उंबऱ्यात पाय रोवून बसले. रुपालीचं डोकं मांडीवर घेतलं.

"नाव घे," मी कोपऱ्याकडं बघून म्हणाले, "आणि हिची वाट सोड."

पाण्याचा आवाज थांबला. इतकं शांत झालं की वरच्या माणसांची कुजबुज खालपर्यंत आली. मग राजशेखरची हाक आली, कमानीच्या तोंडातून.

"आई... घावली का ती?" थोडं थांबून, "काय बोलती का?"

रुपाली बोलायला लागली होती. कानडीत, नवी नवरी उखाणा घेते तशी मान खाली घालून. आणि कोपऱ्यातून तेच शब्द येत होते, तिच्या अर्धा श्वास मागं, दुसऱ्या गळ्यातून. मराठीत सांगायचं तर असं होतं ते: पायाखाली दगड, डोईवर ऊन... हातात ओटीचं ताट... मागून ज्यांनी पाठीवर हात ठेवला... बोलता बोलता मागचा आवाज पुढच्याला येऊन मिळाला. रुपालीची मूठ उघडली. हात माझ्या मांडीवर पडला, बर्फासारखा. आणि दोघींनी एकदमच नाव घेतलं.

राजशेखर.