खंडेनवमीचा पितळी टोप

दगडाबाई साताऱ्याहून पहिल्या एस.टी.नं सांगलीला आली, तेव्हा विनोदिनीबाईंचं दार नुकतंच उघडलं होतं. हळद बाजाराच्या मागं, जिना चढून, एकच खोली. पाटीबिटी नाही. चोरी, लफडं, खून, जे पोलिसांना उलगडत नाही ते घेऊन लोक इथं यायचे.

दगडाबाई खुर्चीवर बसली नाही. भिंतीला टेकून खाली बसली.

"माझा अर्जुना तीन दिसामागं गेला," ती म्हणाली. "साताऱ्याच्या बंबावर व्हता. आग इझवाय गेला आन कुनीतरी गोळी घातली."

"पेपरात वाचलं. पोलिसांनी माणूस धरलाय ना?"

"मधूला धरलाय. म्हनून तर आले, बाई. एक लेक गेला, दुसरा फासावर चाललाय. मधू पोटचा न्हाई, पर अर्जुनाच्या संगं बंबावर लागल्यापासनं माझ्याच घरी जेवतोय. त्यो मारायचा न्हाई. त्याला सोडवा."

कोपऱ्यात धोंडिराम बूट पुसत होता. फौजेतनं हवालदार होऊन सुटलेला, बाईंचा सोबती. अंगानं दारासारखा, आणि डोकंही दारासारखंच. ढकलल्याशिवाय उघडायचं नाही.

"तुमाला घरी सांगाय कोन आलं, आवं?" त्यानं विचारलं.

"कोन न्हाई. मंडईत शेंगा इकत व्हते, तितंच कळलं."

धोंडिरामाचा हात थांबला. "पल्टनीत असं न्हवतं. मानूस पडला की आधी त्याच्या घरी कुनाला तरी धाडायचं. बाईमानसानं एकटीनं ऐकू नये."

"तू बूट पूस," विनोदिनीबाई म्हणाल्या. मग दगडाबाईला, "अर्जुनाचा वैरी कोण?"

"वैरी? त्याचा डावा हात सुदीक सरळ हुईना. दोन वर्सांमागं कुठल्याशा बाईसाठी जळत्या घरात घुसला. हुकूम मोडला म्हनून सायबानं आठ दिस घरी बसवला. कुनाचं घर, ते मला बी सांगितलं न्हाई. म्हनला, आई, बोलायचं न्हाई, नोकरी जाईल." तिनं गाठोडं जवळ ओढलं. "आजून सांजंला चूल पेटवली की वाटतं, आता यील. हाताला धुराचा वास घेऊन यील."

विनोदिनीबाईंनी चष्मा पुसला आणि पायात चपला घातल्या.

---

जळालेलं घर साताऱ्यात, किल्ल्याच्या पायथ्याला होतं. मालक कोयनानगरला नोकरीला, घर वर्षभर कुलूपबंद. मागं विहीर, विहिरीच्या मागं चढ, आणि चढावर, वरच्या आळीतलं, इकडं खिडकी असलेलं एकच घर. कुणा आप्पासाहेबांचं.

बंबाचे कॅप्टन नानासो तिथं उभेच होते. डोळे लाल.

"आग लावलेली होती," ते म्हणाले. "रॉकेलचा वास येत होता. आम्हाला बोलवायलाच लावली. खंडेनवमी, सकाळचे दहा. आम्ही पूजेत. घंटा झाली, आलो. मधू पाइप सोडायला मागं विहिरीवर गेला. अर्जुना शिडीवरनं कौलांवर चढला. कौलं तडतडत होती, त्यात गोळीचा आवाज कुणाला कळलाच नाही. गोळी मागनं आली. मागं फक्त मधू. पोलीस म्हणतात, बंदूक विहिरीत टाकली. तीन दिवस गाळ काढतायत."

"सापडली?"

"एक कळशी सापडली."

"मधूचं आणि त्याचं भांडण होतं?"

"डोक्यावरच्या टोपावरनं. सगळ्या गावाला माहीत आहे, पितळी टोप कॅप्टनचा, आणि कौलांवर पहिला पितळी टोप चढतो. बाकीच्यांचे काळे. पण खंडेनवमीला आमचे टोप, कुऱ्हाडी सगळं पूजेत. घंटा काय सण पाळत नाही. म्हणून राखणीला एक माणूस बसवतो, आणि माझा टोप त्याच्या डोक्यावर. अर्जुना बौद्ध. पूजेला बसायचा नाही. मी म्हणालो, मग राखण तुझी, टोप तुझा, त्या दिवसाचा हुकूमही तुझा. सात वर्षं तोच. मधूला वाटायचं, एकदा आपल्यालाही मिळावा."

"हे गावाला ठाऊक होतं?"

"आम्हा आठ जणांना. सात वर्षांत त्या दिवशी घंटा कधी झालीच नव्हती."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? खाली आणला तेव्हा टोप गळून पडला होता. त्याचं तोंड मीच पुसलं. बारा वाजता घरी गेलो तर तिथं वेगळंच. बायको पांढरीफटक. बाळाबाई म्हणून वरच्या आळीतली एक बाई तिचा हात धरून बसलेली. मीच मेलो म्हणून दोघी रडतायत. बाळाबाई अकराच्या आधीच आली होती म्हणे."

"मरून परत आला म्हणायचं," धोंडिराम म्हणाला.



---

कोठडीत मधू गुडघ्यात डोकं घालून बसला होता. पंचविशीचा, दाढी वाढलेली.

"भांडलास कशाला रं?" धोंडिरामानं विचारलं.

"भांडलो कुठं? म्हनलो, गड्या, एक दिस मला बी मिरवू दे की. त्यो म्हनला, बौद्ध हो, मग देतो. हसलो दोघं बी. फौजदाराला निम्मंच सांगितलंय कुनीतरी."

"विहिरीवरनं काय पाहिलंस?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"धूर. वर बघितलं तर धुरात नुसता टोप चमकत व्हता. मानूस दिसत न्हवता." त्यानं नाक पुसलं. "आई जेवते का?"



---

आप्पासाहेब फौजेतनं सुभेदार होऊन सुटले होते. ताठ म्हातारा, पांढऱ्या मिशा. घरात एकटेच. खिडकीतनं खालचं जळकं घर तळहातासारखं दिसत होतं.

"मी काही पाहिलं नाही," ते म्हणाले. "आठ वाजता पूजा मांडली आणि इथंच बसून होतो. दुपारी फौजदार आले, तोवर उठलो नाही. आळीत बंदूक माझी एकट्याची. ती ही पूजेत. त्यांनी लांबनंच बघितली, हात लावला नाही."

पाटावर बंदूक आडवी होती. झेंडू सुकून तपकिरी झाला होता.

"दसरा झाला, तरी उचलली नाही?"

"दारापुढं माणूस मेला. कसलं सोनं लुटायचं?"

विनोदिनीबाई पाटापाशी वाकल्या. अक्षता पाटभर पसरल्या होत्या. बंदुकीच्या दस्त्याखालनं चार दाणे अर्धे बाहेर आलेले. त्यांनी दस्ता बोटानं किंचित उचलला, पाहिलं, परत ठेवला. शेजारी कुंकवाचा चांदीचा करंडा होता. एक बाजू काळीठिक्कर.

"हा भाजलाय."

"चंद्राबाईंचा," आप्पासाहेब म्हणाले. आवाज बदलला. "माझी बायको. बासष्टमध्ये मी नेफात, चीनच्या लढाईत होतो. इथं स्टोव्ह भडकला. तार मिळाली सोळा दिवसांनी. आलो तर घराला नवी कौलं घातलेली, आणि उंबऱ्यावर हा करंडा. कुणीतरी आत जाऊन आणला होता. कुणी, ते कुणीच सांगेना. दोन वर्षं झाली. रोज सकाळी दार उघडतो, वाटतं तो माणूस येईल. एवढंच विचारायचंय, ती शेवटी काही म्हणाली का."

कामाला येणारी बाई चहा घेऊन आली.

"बाळाबाई, साखर कमी आहे," आप्पासाहेब म्हणाले.

धोंडिरामानं चहा दोन घोटांत संपवला. विनोदिनीबाईंनी कपाला हात लावला नाही.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खोलीत सगळे जमले. फौजदार, नानासो, बेडीतला मधू, दाराशी दगडाबाई. आप्पासाहेब खिडकीपाशी उभे.

"लवकर आटपा," फौजदार म्हणाला.

"आपण सगळे चुकलो ते एका गोष्टीत," विनोदिनीबाई म्हणाल्या. "अर्जुना मेला, म्हणून आपण अर्जुनाचा वैरी शोधत बसलो. पण वरनं काय दिसत होतं? मधू, सांग."

"नुसता टोप."

"पितळी टोप, कौलांवर पहिला. गावाच्या लेखी तो कॅप्टन. त्या दिवशी तो अर्जुनाच्या डोक्यावर होता हे फक्त बंबावरच्या आठ जणांना ठाऊक. गोळी घालणारा त्यांतला नव्हता. त्याला मारायचं होतं नानासोंना."

नानासोंनी भिंतीला हात लावला.

"अंदाज झाला हा," फौजदार म्हणाला.

"बाळाबाई," विनोदिनीबाईंनी हाक मारली, "कॅप्टनच्या घरी तुला कोणी धाडलं?"

"मालकांनी. म्हनले, कॅप्टन गेला, त्याची बाई एकटी आसंल, तिच्याजवळ बस जा."

"किती वाजले होते?"

"घड्याळात साडेदहाचा ठोका पडत व्हता."

"खाली प्रत्येकानं अर्जुनाचं तोंड पाहिलं. खालच्या माणसाच्या तोंडनं कॅप्टन गेला अशी बातमी निघूच शकत नव्हती. ती फक्त वरनं निघू शकते, टोप पडताना ज्यानं पाहिला त्याच्याकडनं. आप्पासाहेब, तुम्ही तर पूजेवरनं उठलाच नव्हता."

धोंडिरामाच्या डोक्याचं दार उघडलं. "पल्टनीची सवय," तो हळूच म्हणाला. "मानूस पडला की घरी धाडायचं."

"होय रे धोंडिराम, तूच सांगितलंस. साध्या खुन्यानं हे केलं नसतं. सुभेदारानं केलं." त्या पाटाकडं वळल्या. "बंबाला बोलवायला खालचं बंद घर पेटवलं. सणाचा दिवस मुद्दाम निवडला, कारण त्या दिवशी बंदूक पूजेत असते, कुणी तिला हात लावत नाही. पण अक्षता वाहिल्या की बंदुकीवर पडतात, आजूबाजूला पडतात. बंदुकीखाली जात नाहीत. इथं दस्त्याखाली दाणे दबलेत. पूजा झाल्यावर बंदूक उचलली आणि परत ठेवली."

फौजदारानं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

आप्पासाहेब वळले नाहीत. "माझी बायको आत ओरडत होती," ते म्हणाले, "आणि ह्या कॅप्टननं माणसं दारात अडवली. गावानं सांगितलं मला. दारात उभं राहून हुकूम देत होता."

"आढं कोसळत होतं," नानासो म्हणाले. "चार माणसं गेली असती. तरी एक ऐकला नाही. घुसला. तुमच्या बाई त्याच्या हाताला लागल्या, पण वाचल्या नाहीत. त्याचा हात भाजला. हुकूम मोडला हे वर कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. म्हणून आठ दिवस घरी बसवून मीच दाबलं. करंडा त्यानंच ठेवला उंबऱ्यावर."

"कोण?" आप्पासाहेबांनी विचारलं. आणि विचारता विचारताच त्यांना कळलं. त्यांची नजर दारातल्या बाईवर गेली.

"डावा हात," दगडाबाई म्हणाली. "सरळ हुईत न्हवता."

आप्पासाहेब खाली बसले. म्हातारा माणूस बसतो तसे नाही, पोत्यासारखे. "दोन वर्षं वाट पाहिली त्याची," ते म्हणाले.

फौजदारानं मधूची बेडी काढली. मधू मनगट चोळत तसाच उभा राहिला, कुठं जावं ते कळेना म्हणून.

आप्पासाहेबांनी करंडा उचलला आणि दगडाबाईपुढं धरला. "हा घ्या. मी द्यायच्या लायकीचा नाही. पण घ्या."

"तू देतूस व्हय?" ती म्हणाली. "ह्ये तुझं न्हाईच. आमच्यात देव न्हाई, आन मला कुकवाचं काय काम? पर ह्येला माझ्या लेकाचा हात लागलाय." तिनं तो त्यांच्या हातातनं काढून घेतला.

उतार उतरताना मधूनं तिचं गाठोडं घेतलं. करंडा तिनं दिला नाही. झाकणही उघडलं नाही. घर येईस्तोवर तिचा अंगठा काळ्या बाजूवरनं सावकाश फिरत होता. पकडताना अर्जुनाची बोटं कुठं टेकली असतील, ती जागा ती शोधत होती.