रेणुकेच्या पोटातलं पाणी

"तेरा, चौदा, पंधरा! काल बाराच बादल्या होत्या!" अमरदीपने धापा टाकत पाणी खाडीत फेकलं. "उद्या वेळणेश्वरला आपण पोचू खरं, पण पोहत!"

मैना आणि राही खुदकन हसल्या. धाकूआजोबा मात्र हसले नाहीत. ते भाट्याच्या खाडीतल्या 'रेणुका' या शिडाच्या गलबताचे तांडेल, म्हणजे कप्तान. दिवाळीच्या सुट्टीत गलबतावर मुलांची शाळा भरायची आणि शिडं, दोऱ्या, वारा सगळं तेच शिकवायचे. पण तीन दिवस 'रेणुके'च्या तळात पाणी साचत होतं, आणि आज दहा वाजता तपासणीचे साहेब येणार होते. गलबत गळकं ठरलं की उद्याची वेळणेश्वरची सफर रद्द आणि 'रेणुका' कायमची शहरातल्या चौकात, शोभेला!

"चौकात? लोक तिच्यापुढे सेल्फी काढणार?" राही किंचाळली.

"फळ्यांच्या फटींत कापूस मी माझ्या हातानं ठासलाय गो," धाकूआजोबा पुटपुटले. "चाळीस वर्सांत थेंब आला नाय कधी. आता हातच म्हातारे झाले म्हणायचे." ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. राहीला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात शिबिरप्रमुख गुरुप्रसाद सर तावातावाने आले. "गलबतातली पिण्याच्या पाण्याची टाकी परत रिकामी होत आली! नवी कोरी टाकी, मी स्वतः बसवलेली, रोज काठोकाठ भरतो. पाण्याशी खेळता ना? आणि तांडेल, तुमचं गलबत गळतंय ते वेगळंच!"

"सर, आम्ही घरून बाटल्या आणतो!" मैना म्हणाली. पण सर कुणाचं ऐकतील तर शपथ! ते तरातरा निघूनही गेले.

उपसून उपसून मुलांचे हात काळे झाले होते. राहीने शेवटच्या बादलीतलं थोडं पाणी हातांवर ओतलं आणि साबण घेतला.

"बघा, देवरूखची पाहुणी परत साबण लावतेय!" अमरदीप खिदळला. पहिल्या दिवशी राही खाडीच्या पाण्यात साबण चोळत बसली होती, तेव्हा सगळे हसून हसून लोळले होते. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे देवरूखच्या डोंगरात कोण सांगणार?

राही मात्र हसली नाही. तिचे दोन्ही हात पांढरेशुभ्र झाले होते!

"मैना, फेस! अगं, फेस आला! मग हे पाणी खारं नाहीच!"

मैनाने बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं. "शी! घाण आहे, पण गोडं आहे!"

"म्हणजे समुद्र आत येतच नाही!" अमरदीप म्हणाला. "मग कुठलं पाणी येतंय?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदम ओरडली, "टाकी!"

टाकीखालची फळी उचलली, तर नळीच्या ढिल्या जोडातून पाण्याची बारीक धार सुरू! राहीने हाक मारली. धाकूआजोबा आले, आणि त्यांच्या मागोमाग साहेबांना घेऊन गुरुप्रसाद सरही.

"साहेब, गलबत नाही, टाकी गळतेय!" मुलांनी एकच गलका केला.

साहेबांनी नळी पाहिली, आतून एकेक फळी ठोकून पाहिली. "बाहेरून थेंब नाही. काम ठणठणीत आहे, तांडेल! खुशाल जा उद्या. आणि शाबास रे पोरांनो, आम्हा मोठ्यांना जे सुचलं नाही ते तुम्ही शोधलंत!"

गुरुप्रसाद सरांचा चेहरा पडला. "नळी मीच जोडली होती. चूक माझी आणि बोलणी तुम्हाला. माफ करा, तांडेल." त्यांनी बाह्या सरसावून बादली उचलली.

"मोजा हं सर! एक!" अमरदीप ओरडला.

दुसऱ्या सकाळी शीड वाऱ्याने भरलं. धाकूआजोबांनी राहीचे हात सुकाणूवर ठेवले आणि वर स्वतःचे. "म्हातारे नाय झाले गो हे अजून!" म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

"आजोबा, परत गळती!" अमरदीप म्हणाला.

धाकूआजोबांनी गालावरचा थेंब जिभेवर घेतला आणि खो खो हसले. "ही मातर खारी हाय रे! ही गळू दे!"