एका नावाचे दोघे

"महिपत! अरे, तुजी भैन भाकरी घेऊन आयलीय बघ!"

रावजी तांडेलाने मांडवीच्या धक्क्यावरून हाक मारली आणि दोन माना एकदम वळल्या. एक माझ्या दादाची. तो गलबताच्या पार दुसऱ्या टोकाला दोर वळत बसला होता. दुसरी शेजारच्या गलबतावरची. त्या मानेचा मालक दोन उड्यांत माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मला भैन नाय," तो म्हणाला, "पन भाकरी चालंल."

"भाकरी माज्या दादाची हाय."

"दादाचं नाव काय?"

"ता मी कशी घेऊ? थोरला भाऊ हाय माजा."

"मग कुनाची भाकरी, ता कळायचं कसं? नाव घे नि घेऊन जा."

हसायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण त्याच्या कानामागे माशाचा एक खवला चिकटला होता आणि तो मात्र मोठ्या ऐटीत उभा होता... मी हसले. तिथेच माझा घात झाला.

आमच्या वाडीची रीत अशी की समुद्राने कोणाला नेलं, तर त्याचं नाव वाडीत पुढे जन्मणाऱ्या पहिल्या मुलाला द्यायचं. नाव बुडता कामा नये. दादा जन्मला त्या आठवड्यात दोन घरी पाळणे हलले. आधी कोण जन्मला यावरून बायका महिनाभर भांडल्या, शेवटी दोन्ही पोरांचं नाव महिपत ठेवून मोकळ्या झाल्या. दुसऱ्या महिपतचा बाप लवकर वारला, आणि त्याची आई गोदामावशी त्याला घेऊन माहेरी मुरुडला गेली. आईला घेऊन तो परतला एकतीस सालच्या शिमग्यात, चांगला बावीस वर्षांचा गडी होऊन. मी सतरा वर्षांची होते.

मग मला पाण्याला जायला फारच आवडू लागलं. कातळातली ती विहीर वाडीपासून जरा लांब होती. तो यायचा, काठावर बसायचा आणि बोटं मोडत मोठेपणा सांगायचा.

"ही हीर कुनी खनली? महिपतान. नऊ वर्सं एकटा कातळ फोडीत व्हता, लोक येडा बोलत. त्याच्या आदीचा महिपत आरमारात सुकान्यावर व्हता. नि तिसरा... फुटलेल्या आगबोटीवरनं तेवीस मान्सं काढलीन. चोविसावा आनायला गेला, तो आयलाच नाय. त्याचंच नाव आमाला."

"नि चौथा महिपत काय करतो? बायकांच्या पाठी हिरीवर येतो."

"बायकांच्या नाय," तो म्हणाला. "एकीच्या."

घागर भरून वाहू लागली तरी मी पोहरा ओतीतच होते.

एकदा त्याने विचारलं, "मालन, तू माजं नाव कदी घेनार गं?"

"कदीच नाय. भावाचं म्हनून आता घेता येत नाय, नि पुढं..." मी थांबले.

"पुढं काय?"

"पुढं नवऱ्याचं म्हनून घेता यायचं नाय."

बोलून गेले आणि तोंड लपवायला जागा सापडेना. तो मात्र वेड्यासारखा हसत सुटला. म्हणाला, "उखान्यात तरी घेशील?"

उखाणा मी आधीच रचून ठेवला होता. लाजत लाजत म्हटला — नावाच्या जागी नुसती थांबून. "समुद्राला भरती, खाडीला ओहोटी, ... चं नाव पहिल्यांदा आलं ओठी."

"अगं, समुद्राला भरती नि खाडीला ओहोटी? एका वक्ताला?" त्याने कपाळाला हात लावला. "खलाशाची बायको व्हनार नि पान्याचं एवडं कळत नाय! बदल तो उखाना."

"बदलीन," मी म्हटलं. "आदी माज्या दादाला विचार."

दादाला विचारायची त्याची छाती होईना. दादा तापट, त्यात आई म्हणायची, भावाच्या नावाचा जावई नको, एकाचं संकट दुसऱ्यावर यायचं. वाडीतले तांडेलही याच भीतीने एका नावाचे दोघे एका गलबतावर घेत नसत. आश्विनात, दादा ज्याच्या गलबतावर होता त्या रावजी तांडेलाचा एक खलाशी तापाने पडला आणि मलबारकडची सफर तर दोन दिवसांवर आली. तेव्हा त्याला त्या जागेवर जायला मीच सांगितलं. "गलबतावर विचार. तितं दादा उठून जानार कुटं?" मला माझी ही युक्ती फार आवडली होती. तांडेलाने आधी नाही म्हटलं, मग अडला नारायण म्हणून घेतलं. आई धक्क्यावर उभी राहून बडबडत होती, आणि मी हसत होते.

दिवाळीनंतर पाचव्या दिवशी दक्षिणेकडच्या एका बंदरातून तार आली. शाळेच्या मास्तरांनी ती आमच्या ओट्यावर वाचली. वादळात गलबत फुटलं. बाकीचे वाचले. महिपत गेला.

"कुठला महिपत?" कोणीतरी विचारलं.

मास्तरांनी तार पालथी करून पाहिली. तार करताना तांडेल बिचारा धसक्यात होता, त्याच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा असणार, दुसऱ्याची आठवण त्याला कुठून व्हावी!

मास्तरांनी उलट तार केली, तिला उत्तर आलं नाही, आणि वाचलेली माणसं यायला अकरा दिवस लागले. माझी तुळसावहिनी सात महिन्यांची गरोदर होती. ती बांगड्यांवर पदर ओढून भिंतीशी बसून राही. गोदामावशी रोज आमच्याकडे यायची, आईशेजारी बसायची आणि उठून जायची. एकमेकींकडे बघायचं धाडस दोघींनाही नव्हतं. एकीच्या घरी दिवा राहायचा तर दुसरीच्या घरचा विझायला हवा होता.

आणि मी? मी भगवतीपुढे हात जोडले आणि काय मागू ते कळेना. दादाने मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. वहिनीच्या पोटात त्याचं पोर होतं. सगळं सगळं माहीत असताना मी डोळे मिटले आणि म्हटलं, आई, तो येऊ दे. तो म्हणजे कोण, हे देवीला सांगायची गरज नव्हती. क्षणभरच, पण मी माझ्या सख्ख्या भावाचं मरण मागितलं.

अकराव्या दिवशी आगबोट बाहेर समुद्रात थांबली आणि पडाव माणसं घेऊन धक्क्याकडे निघाला. सगळी वाडी जमली होती. पडाव जवळ आला. रावजी तांडेल दिसला. त्याच्यामागून डोक्याला फडकं बांधलेला एकजण उठून उभा राहिला.

तुळसावहिनीने फोडलेला हंबरडा मला अजून ऐकू येतो. आई पाण्यात धावली. मीही धावले, दादाच्या गळ्यात पडले आणि ढसाढसा रडले. बायका म्हणाल्या, बघा, भावावर किती माया! गोदामावशी मात्र वाळूत खाली बसली होती. तिच्याजवळ जाऊन बसायचा मला काय हक्क होता? ना कुंकू त्याच्या नावाचं, ना बांगड्या. मला पुसायला आणि फोडायलाही काही नव्हतं.

चार दिवसांनी दादा मला विहिरीवर घेऊन गेला.

"शीड अडाकलं व्हतं," तो म्हणाला. "तांडेल वरडला, 'महिपत, वर चढ!' आमी दोगं उटलो. त्यान मला खाली दाबलान. 'तू बस, तुज्या घरी पोर यायचाय. हाक मला हाय,' बोलला. डोलकाठी त्याच्यासकट गेली, मालन..."

दादा विहिरीच्या काठावर बसला.

"आदल्या सकाळी त्यान मला विचारलान. तुज्यासाठी."

"तू काय बोल्लास?"

दादाने तोंड फिरवलं. "हो बोललो व्हतो."

तुळसावहिनीला पौषात मुलगा झाला. वाडीतला पुढचा मुलगा तोच. रीतीप्रमाणे नाव त्यालाच जायचं, पण जित्या बापाचं नाव लेकाला कसं द्यायचं? म्हातारी माणसं अडून बसली. दादा उठून म्हणाला, "तर मग माजं नाव मी सोडलंय. मालन दादा बोलते मला, आजपासनं सगळ्यांनी तेच बोला."

बारशाला गोदामावशी आली. तिने आपल्या हाताने पाळण्याला दोरी बांधली. नाव ठेवायचं आत्याने. मी पाळण्यात वाकले. बायका पाठीत धपाटे घालत कुर्रर्र करत होत्या. मी त्या इवल्या कानाशी ओठ नेले आणि सगळा उखाणा म्हटला. बदलायचा राहून गेला होता, तसाच म्हटला, पण यावेळी नावापाशी थांबले नाही.

"अगं, किती येळ ता पुटपुटनं?" कोणीतरी हसलं. "मोट्यान सांग की!"

मी ताठ उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा ते नाव मोठ्याने घेतलं.

"महिपत!"

ओट्यावर पाहुण्यांत बसलेल्या दादाने सवयीने मान वळवली. दुसरं कोणीच वळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी दोरी हातात घेऊन पाळणा हलवू लागले.